क्लेशकाळी अल्पसुखाचा विवेक

जीव सुखाचा अभिलाषी आहे, हे सिद्ध करण्यास शास्त्राचे प्रमाण लागत नाही. मुंगी गुळाकडे धावते, वासरू आचळाकडे धावते आणि मनुष्य आपल्या सुखाच्या कल्पनेकडे धावतो. मात्र सुख म्हटले की मनुष्याच्या डोळ्यांपुढे मोठे सुखच उभे राहते : कर्ज फिटावे, मुलीचे लग्न पार पडावे, मुलास नोकरी लागावी, घरावर स्लॅब पडावा. ही सुखे यावयाची तेव्हा येतात. कित्येकदा येतही नाहीत. परंतु पहाटेची थंड हवा, तव्यावरून उतरलेली भाकरी, दमून आल्यावर लाभलेली झाडाची सावली, नातवाचे बोबडे बोल, ही लहान सुखे न मागता रोज दाराशी येतात. चिंतेच्या दिवसांत त्यांचे काय करावे? ती घ्यावीत, की अशा वेळी त्यांकडे पाहणेही अनुचित मानावे? आणि ज्याने परमार्थाचा मार्ग धरला आहे त्याने तर ती बंधन म्हणून दूर सारावीत काय? प्रश्न दिसण्यात लहान आहे, पण त्याचे उत्तर चुकले तर संसारही बिघडतो आणि साधनही बिघडते. म्हणून त्याचा विचार करू.

हा विचार नुसत्या शब्दांत राहू नये, यासाठी एक प्रदेश समोर ठेवू. धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे तेरणेच्या खोऱ्यातील गाव. जवळच तेर आहे. ते प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनातही त्या नगराचा आणि तेथून जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. ते वैभव गेले. ज्वारी मात्र त्याच काळ्या मातीत आजही उगवते. या मुलखाने क्लेश किती पाहिले ते आठवावे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून आणि सुकडी खाऊन दिवस काढले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झाले होते. ढोकीचा तेरणा साखर कारखाना अनेक हंगाम बंद राहिला, आणि ज्यांचा ऊस व ज्यांची मजुरी त्यावर अवलंबून होती त्यांच्या चुलीपर्यंत ती झळ गेली. पुढे तो भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात अतिवृष्टीने उभे सोयाबीन पाण्यात गेले. कर्जाच्या काळजीने शेतकऱ्याने जीव द्यावा, अशा घटनांनी पोळलेल्या जिल्ह्यांत धाराशिवचे नाव घ्यावे लागते. तेव्हा येथे ताण, चिंता, क्लेश हे शब्द पुस्तकातले नव्हेत.

आणि याच मुलखात येळवस आहे. मार्गशीर्षातील अमावास्येस, जिला वेळ अमावास्या असे म्हणतात, लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी भरतात. हे नाव कानडीतील तिळाच्या अमावास्येवरून आले असे सांगतात. कडब्याची कोप उभारतात. डोक्यावर आंबिलीचा बिंदगा घेऊन बाया शेतात येतात. हिरवे दाणे व पालेभाज्या डाळीच्या पिठात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असा बेत असतो. ज्याला शेत नाही त्यास ज्याला शेत आहे तो आग्रहाने बोलावतो. कोपीपाशी आलेला मनुष्य उपाशी परतत नाही. सायंकाळी पेटता हेंडगा घेऊन मुले बांधांवरून धावतात. कोपीत जे देवतापूजन होते तो आपल्या मार्गाचा विषय नव्हे आणि त्याचे समर्थन येथे करावयाचे नाही. आपणांस पाहावयाचे आहे ते इतकेच, की दुष्काळाच्या वर्षांतही या मुलखाने येळवस सोडली नाही. हे अज्ञान म्हणावे की शहाणपण?

या भागातील एका उपदेशी वासनिकाने विचारले, "बाबा, अंगावर देणे असताना येळवशीला शेतात बसून खीर खाणे हे निर्लज्जपणाचे नव्हे काय? लोक म्हणतात, याला हप्ता भरायला पैसा नाही आणि भज्जीला मात्र आहे. मलाही घास गोड लागला की चोरी केल्यासारखे वाटते." हा प्रश्न एकाचा नाही. कर्जाखाली दबलेला मनुष्य केवळ पैसा देऊन सुटत नाही. आनंदाचा अधिकार आपण गमावला आहे, असे त्याला वाटू लागते. तो हसला तर लोक पाहतात आणि तो स्वतःही स्वतःकडे तसेच पाहतो.

याचे समाधान असे. देणे हे कर्तव्य आहे आणि ते टाळणे दोष आहे, यात संशय नाही. परंतु दुःखी राहणे हा देण्याचा हप्ता नव्हे. घास कडू करून गिळल्याने सावकाराचा एक रुपयाही फिटत नाही. उलट चिंतेने ग्रासलेले मन एकाच ठिकाणी फिरत राहते, घाण्याच्या बैलासारखे. चालते पुष्कळ, पोहोचत कोठेच नाही. अशा मनाला दुसरा उपाय दिसत नाही, सल्ला ऐकू येत नाही, आणि शेवटी सर्व दिवस म्हणजे कर्ज आणि सर्व आयुष्य म्हणजे कर्ज असे त्याला भासू लागते. हे भासणे खोटे आहे. कर्ज खरे, पण त्याच दिवशी ऊन पडले, गाय व्याली, शेजाऱ्याने हाक मारली, हेही खरे. जे मन या गोष्टी पाहू शकते तेच सत्य पुरते पाहते. म्हणून अल्पसुखाचा स्वीकार म्हणजे दुःखापासून पळणे नव्हे. दुःखाला त्याच्या मापात ठेवणे होय.

दुसरे असे, की चिंता मनुष्याला एकटे पाडते. चिंताग्रस्त मनुष्य पंगत टाळतो, पारावर बसणे टाळतो, कारण कोणी विचारील ही त्याला भीती. आणि एकट्याची चिंताच घातक असते. लहान सुख बहुधा दुसऱ्याच्या संगतीत येते. कोपीत मांडीला मांडी लावून बसल्यावर, आंबिलीचा पेला हातात असता, जे बोलणे बँकेच्या दारात निघत नाही ते निघते. "तुझे कसे चालले आहे?" असा प्रश्न तेथे टोचत नाही. कित्येकांचा भार त्या एका प्रश्नाने हलका झाला असेल. म्हणून त्या वासनिकास एवढेच सांगितले, की उसने आणून बेत वाढवू नका, पण घरचे दाणे आणि घरचे ताक असेल तर शेतात अवश्य बसा, आणि तुमच्यासारखाच दबलेला कोणी असेल तर त्यालाही बोलवा.

येथे शंका अशी, की साधकाला हे कसे लागू व्हावे? विषयसुख बंधनकारक आहे, भिक्षान्नात रुची निवडू नये हा आपला आचार आहे. मग लहान का होईना, सुखाचे कौतुक कशाला? समाधान असे. वैराग्य म्हणजे तिरस्कार नव्हे. ज्याचा तिरस्कार केला तेही मनात घर करून बसते; गोडाचा द्वेष करणारा दिवसभर गोडाचेच चिंतन करतो. आचार सांगतो तो निवड न करण्याचा, चव मारून टाकण्याचा नव्हे. झोळीत आले ते घेतले, त्यात एखादा घास गोड निघाला. तो मागितला नव्हता आणि उद्या मागावयाचा नाही. त्याने बंधन होत नाही. बंधन होते ते "उद्याही त्याच घरी जाऊ" असे मन म्हणते तेव्हा. म्हणून सुखाची परीक्षा तीन ठिकाणी करावी. ते गेले असता मन त्याच्यामागे धावते काय? ते दुसऱ्याच्या वाट्यास गेले असता मत्सर होतो काय? ते आले असता देणाऱ्याचे स्मरण होते, की केवळ आपलेच? पहिल्या दोहोंचे उत्तर "नाही" आणि तिसऱ्यात देणारा आठवत असेल, तर ते सुख लहान असो वा मोठे, साधनास विघ्न करीत नाही.

याहून खोल कारण स्मरणाचे आहे. आपल्या साधनात नामाबरोबर मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण सांगितले आहे. लीळाचरित्र उघडून पाहावे. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांस विचारून जे जमविले त्यात केवळ निरूपणच नाही. स्वामी कोठे बसले, कोणत्या वाटेने गेले, काय आरोगण केले, कोणास काय म्हणाले, हेही आहे. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या लीळांत तर खेळणे, खाणे, रुसणे हेच पदोपदी दिसते. ज्या भक्तांनी हे सांगितले त्यांना ते आठवले कसे? त्या क्षणी त्यांचे चित्त तेथे होते म्हणून आठवले. त्या वेळी जर ते आपापल्या काळजीत बुडालेले असते तर समोर घडलेली लीळाही त्यांना दिसली नसती आणि आज आपल्या हाती ग्रंथ आला नसता. सन्निधानातील आनंद आणि भाकरीचे सुख यांची बरोबरी कोणी करू नये; परमेश्वर वेगळा आणि प्रपंच वेगळा, हा आपला सिद्धांत आहे. परंतु चित्त एकच आहे. जे चित्त समोरचा घास पाहू शकत नाही, ते स्मरणातही क्षणभर ठरत नाही. चिंतेने फाटलेले मन जपास बसले तरी माळ फिरते आणि हिशेबही फिरतो.

आता दुसरी शंका, आणि ही अधिक जड आहे. गरिबाला लहान सुखांचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या हक्काच्या मोठ्या सुखावर पाणी सोडावयास लावणे नव्हे काय? उसाचे बिल थकले असता "सूर्योदय पाहा" म्हणणे ही थट्टा नव्हे काय? होय, ती थट्टाच आहे, आणि असा उपदेश करणाऱ्याने आधी स्वतःचे पोट किती भरलेले आहे ते पाहावे. उपदेशाचा क्रम आहे : आधी भुकेची विचारपूस, मग अन्न, मग विचार. उपाशी मनुष्यास समाधान शिकविणे हा दोष होय. परंतु जो अन्यायाविरुद्ध उभा राहणार आहे त्यालाही बळ लागते, आणि ते बळ केवळ संतापातून येत नाही. संताप लवकर विझतो किंवा स्वतःवरच उलटतो. कशासाठी जगावयाचे हे ज्याला रोज थोडे तरी दिसते तोच फार दिवस टिकतो. अल्पसुख हे न्यायाचा मोबदला नव्हे. न्याय मिळेपर्यंतची शिदोरी होय.

एक उदाहरण सांगून थांबू. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर तहानले तेव्हा मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी १२ एप्रिल रोजी तेथे पोहोचली. दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ती ज्या लोहमार्गाने गेली त्याच मार्गावर ढोकीचे स्थानक आहे. त्या दिवसांत भरलेली घागर म्हणजे काय सुख, हे कोणास सांगावे लागले नाही. पण घागर तर त्याआधीही रोज भरत होती. सुख तेच होते. पाहणारे चित्त नव्हते. अभावानेच जे कळते ते अभाव नसताना ओळखणे, यालाच विवेक म्हणावे. ज्याला पाण्याची चव कळली तो पाणी जपून वापरतो, आणि ज्याला भाकरीची चव कळली तो दिखाव्याच्या लग्नासाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी दोनदा विचार करतो. असा हा विवेक परमार्थाचा, तसाच प्रपंचाचाही आहे.

तेव्हा साधकांनी व वासनिकांनी इतके करावे. सुखाच्या मागे धावू नये. आलेल्या सुखास पाठ दाखवू नये. दिवसाच्या शेवटी जशी आपण चुकांची आठवण करतो तशी न मागता मिळालेल्या एका गोष्टीचीही करावी, आणि शेजारी जो आज हसला नाही त्याच्या दारी जावे. अधिक विचार सुज्ञांनी करावा. दंडवत प्रणाम.