माळकऱ्याने गप्प बसावे काय?

श्रीनिवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून नगरमार्गे पंढरीस जाते. त्या वाटेवर एका मुक्कामी आजा-नातवाचे बोलणे आमच्या कानी पडले. नातू म्हणाला, "आजोबा, गायरानातली झाडं तोडायचं ठरलं, तवा तुमी ग्रामसभेला व्हता का?" आजोबा म्हणाले, "न्हाई बाबा. भजनात व्हतो. त्या राजकारनात माळकऱ्याचं काय काम?" पोरगा जरा थांबून म्हणाला, "मग आता सावली कुनाची गेली?" आजोबा काही बोलले नाहीत. आम्हांसही त्या रात्री लवकर झोप आली नाही.

प्रश्न असा की, माळ घातलेल्याने गावच्या कारभारापासून दूर राहणे ही विरक्ती आहे, की आपली सोय आहे?

दूर राहणाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. ग्रामसभेत भाऊबंदकी निघते, आवाज चढतात, मन गढूळ होते. पण कायदा काय सांगतो ते पाहावे. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांत जो आकडा कमी तितके जमले की गणपूर्ती होते. तितकेही न जमले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसते. म्हणजे सज्जन घरी बसल्याने निर्णय थांबत नाही. तो चार जणांच्या हाती जातो, इतकेच. आपला लाभ सोडणे ही विरक्ती. शेजाऱ्याचे पाणी वाऱ्यावर सोडणे ही विरक्ती नव्हे.

आपल्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीस, १९७५ साली लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी गावकामाचा आरंभ यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराने केला. तरुण मंदिरात जमू लागले. पुढे दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, पाणी अडले. मंदिर आणि गाव वेगळे नाहीत, हे तिथे दिसले. मात्र दारू पिणाऱ्यांस खांबाला बांधून मारल्याचेही सर्वश्रुत आहे. ते आम्हांस पटत नाही. माराने माणूस गप्प होतो. पटले की नाही ते कळत नाही.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे पाहा. १९८९ साली तरुणांच्या आग्रहाने पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी गावाने स्वीकारली. तिथे पाऊस किती पडला, पाणी किती उरले याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडतात आणि पिके त्यावरून ठरवतात. शेतीसाठी विंधनविहीर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, हे पथ्यही गावानेच घालून घेतले. तरुणांनी पुढे यावे आणि वडीलधाऱ्यांनी त्यांस वाट द्यावी, तेव्हाच असे घडते.

आता वडीलधारी म्हणतील, पोरांनी आम्हांस शिकवावे काय? बंधूंनो, नेवासे कुठे आहे? याच जिल्ह्यात. शके १२१२ मध्ये तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा सांगणाऱ्या माउलींचे वय परंपरेप्रमाणे सोळाच्या आतबाहेर होते. वयोवृद्ध चांगदेवांनी तर धाकट्या मुक्ताबाईंस गुरू केले. वय पाहून कान बंद करण्याची रीत आपल्या संप्रदायाची नव्हे. दिंडीत भेटताना आपण लहान-मोठा न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. मग बोलताना एकानेच का वाकावे?

म्हणून आम्हांस वाटते, म्हाताऱ्यांनी पोरांस नुसता उपदेश करू नये. आपण कुठे चुकलो तेही सांगावे. चुकीची कबुली हीच खरी शिदोरी, कारण ती दुसऱ्या कुणाकडून मिळत नाही. आणि तरुणांनी नुसता जाब विचारून मोकळे होऊ नये. प्रश्न विचारला की पुढच्या कामास खांदा देणेही आले. अठरा वर्षे पुरी झाली की मताचा हक्क येतो, तसा हा भारही येतो.

पहाटे पालखी निघाली. आजोबा नातवाला म्हणाले, "चुकलंच माझं. म्होरल्या सभेला मला घेऊन चल. डोळ्यांनी नीट दिसत न्हाई, पर बोलता येतं." नातू काही न बोलता खाली वाकला, तशी आजोबांनीही त्याच्या पायांकडे हात नेला.

आपल्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे, हे वाचकांनी आज घरी विचारावे, आणि जाताना नातवंडास बरोबर न्यावे. रामकृष्णहरि.