अभ्यंग आणि अब्रू

नागपुरात बाळ जन्मले, म्हणजे बाळंतीण रुग्णालयातून घरी येण्यापूर्वीच चांगल्या मालीशवाल्या बाईचा शोध सुरू होतो. महालातील जुन्या वाड्यांत ज्या आस्थेने तो चाले, त्याच आस्थेने तो आज मनीषनगरच्या सदनिकांतही चालतो. आणि एकदा बाई ठरली, की सव्वा महिना रोज सकाळी ती येते, पाटावर बसून दोन्ही पाय समोर पसरते, नडग्यांवर बाळाला पालथे घालून कोमट तेलाने त्याची पाठ, मांड्या, तळवे चोळते, मग बाळंतिणीची कंबर व पाय रगडून देते, आणि शेक-शेगडी व धुरी उरकून पुढच्या घरी जाते. जिच्या हाती आपण आठ दिवसांचे मूल निःशंकपणे सोपवतो, तिचे आडनावही पुष्कळ घरांत कोणास ठाऊक नसते. तिचा मोबदला तोंडी ठरतो, मध्येच काम थांबले तर तोंडीच बुडतो, आणि शेवटच्या दिवशी साडी-खण देऊन बोळवण केली, की तिच्या कसबाची किंमत चुकती झाली असे गृहस्थ समाधानाने समजून चालतो.

या कसबाला शास्त्राधार नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत अभ्यंग नित्य करावा, आणि मस्तक, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे सांगितले आहे; पण त्याचबरोबर कफाने ग्रासलेल्यास, अजीर्ण झालेल्यास आणि नुकतेच शोधनोपचार झालेल्यास तो वर्ज्य ठरवला आहे, हे मात्र आपण सोयीने विसरतो. बाराव्या शतकातील कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लासात राजाच्या उपभोगांमध्ये पादाभ्यंगाला स्वतंत्र स्थान दिले. अर्वाचीन विज्ञानाचाही येथे अगदीच विरोध नाही. अमेरिकेत टिफनी फील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अपुऱ्या दिवसांच्या ज्या अर्भकांना दिवसातून तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे हळुवार मालीश केले, त्यांचे वजन इतर अर्भकांच्या मानाने दररोज 47 टक्के अधिक वाढले व ती सुमारे सहा दिवस आधी घरी गेली. प्रयोग लहान होता, चाळीस अर्भकांचा. परंतु आजीबाईच्या हातात काही तथ्य आहे, एवढे मान्य करण्यास तो पुरेसा आहे. त्याच आजीबाईने बाळाच्या नाकाकानांत तेल सोडू नये, हेही वैद्यकशास्त्र तितक्याच स्पष्टपणे सांगते.

प्रश्न उपचाराच्या योग्यतेचा नाहीच. तो उपचार करणाऱ्या हाताच्या प्रतिष्ठेचा आहे. ग्रंथात जो अभ्यंग राजभोग म्हणून मिरवतो, तोच गावगाड्यात उतरल्यावर न्हाव्याच्या बलुत्यात जाऊन पडला: हजामत करावी, मशाल धरावी, आणि हुकूम झाला की पाटील-देशमुखांचे अंग चोळावे. सेवा घेणाऱ्याचे शरीर जितके उच्च, तितका त्याला स्पर्श करणारा हात हलका, असा विलक्षण न्याय आपण शतकानुशतके चालवला. आणि ज्या नगरीत 1956 च्या ऑक्टोबरात लाखोंनी जातीने लादलेल्या जिण्याचा जाहीर त्याग केला, त्या नगरीतही शरीरसेवेच्या कामाकडे पाहण्याची ती जुनी नजर समूळ गेलेली नाही.

त्या नजरेवर आता एका नव्या व्यवहाराचे कलम झाले आहे. मोबाईलवर नोंद करावी, ठरल्या वेळी प्रशिक्षित स्त्री अगर पुरुष घडीची गादी, तेले आणि एकदा वापरून टाकायच्या चादरी घेऊन दारात उभा राहावा, आणि तासाभराने पाठ मोकळी होऊन गृहस्थ आपल्याच घरात निवांत पहुडावा, अशी ही तजवीज आहे. स्त्रियांकडे स्त्रिया व पुरुषांकडे पुरुष पाठवण्याचा दंडकही सामान्यतः पाळला जातो. या तजविजीविषयी माझी तक्रार नाही. वयस्क माणसाला, संधिवाताने जखडलेल्या स्त्रीला, दिवसभर खुर्चीत बसून मान आखडलेल्या कारकुनाला घरपोच मिळणारी ही सेवा खरोखर उपकारक आहे. तक्रार आहे ती विश्वासाच्या एकतर्फी बंदोबस्ताविषयी. येणाऱ्या माणसाची ओळखपत्रे तपासली जातात, पोलिसांकडून त्याच्या चारित्र्याचा दाखला घेतला जातो, फाटकावरचा चौकीदार त्याची नोंदवही भरून घेतो, आणि काम संपताच त्याला तारे देऊन वा न देऊन त्याच्या पुढच्या महिन्याच्या पोटापाण्याचा निकाल लावण्याचा अधिकार गृहस्थाला मिळतो. गृहस्थाकडून मात्र पत्ता, मोबाईल क्रमांक आणि पैसे यांपलीकडे फारसे काही मागितले जात नाही. परक्या घरात, पुष्कळदा शयनगृहात, बंद दाराआड एकटी काम करते ती बाई. आणि सर्व खबरदारी कोणाच्या रक्षणासाठी, तर घरधन्याच्या! वृत्तपत्रांत मालिशकेंद्रांवरील धाडींची बातमी आली, की तिच्या पेशाकडे संशयाने पाहिले जाते. त्या केंद्रांत गिऱ्हाईक म्हणून जाणाऱ्याच्या पेशाची चौकशी केल्याचे ऐकिवात नाही.

हा संशय आपल्याकडचाच विशेष आहे, असेही नाही. 1894 साली लंडनमध्ये मालिशगृहांच्या नावाखाली चालणाऱ्या अनाचारावर ब्रिटिश मेडिकल जर्नलने कोरडे ओढले, तेव्हा प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या परिचारिकांची अब्रूही त्या गदारोळात पणाला लागली. रोझलिंड पॅजेट, ल्यूसी रॉबिन्सन, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर या चौघींनी तेव्हा सरकारदरबारी अर्ज करून स्वस्थ न बसता आपली संघटना स्थापन केली, परीक्षा ठेवली आणि नियम घातले: वैद्याच्या सूचनेवाचून उपचार करावयाचा नाही, विशेष प्रसंगावाचून पुरुषांना सर्वांगमर्दन द्यावयाचे नाही, वैद्यकीय नियतकालिकांखेरीज अन्यत्र जाहिरात द्यावयाची नाही, रुग्णांना औषधे विकावयाची नाहीत. आज यांतील काही नियम सोवळेपणाचे वाटतील, आणि आहेतही. तथापि त्यांचे मर्म निराळे होते. नियम मोडणारीला संघटनेबाहेर काढण्याची सत्ता जशी त्यांत होती, तशीच अवाजवी मागणी करणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘हे आमच्या नियमात बसत नाही’ असे म्हणून दार लावून निघून येण्याची मुभाही होती. कारण नकार एकट्या बाईचा राहिला नाही, तो संघटनेचा झाला. त्या संस्थेला 1920 मध्ये राजसनद मिळाली, आणि ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांची आजची मान्यवर संस्था तीच आहे.

लंडनचा दाखला दूरचा वाटत असेल, तर सीताबर्डीचा घ्यावा. कमलाताई होस्पेट या बालविधवेने नागपूरच्या डफरीन रुग्णालयात प्रसूतिपरिचर्येचे शिक्षण घेतले आणि 1921 साली वेणूताई नेने यांच्यासह मातृसेवा संघाची स्थापना केली. सुईणपणाला सोवळ्या घरांत त्या काळी कोणता मान होता, हे सांगण्याची गरज नाही: अडल्या वेळी तिला बोलावावे, आणि सोहेर फिटेपर्यंत तिच्या सावलीपासूनही दूर राहावे. त्या अमंगळ ठरवलेल्या कामात पांढरपेशा घरातील विधवेने उतरणे हेच एक बंड होते. परंतु कमलाताईंचा मोठेपणा केवळ बंडात नव्हे, तर बंडाचे संस्थेत रूपांतर करण्यात होता. प्रसूतिगृह, शिकलेल्या परिचारिका, ठरलेली शिस्त आणि पाठीशी उभे असलेले संघाचे नाव, एवढे जमताच त्याच कामाला तेच समाजघटक सन्मानाने ‘सेवा’ म्हणू लागले. काम बदलले नव्हते. काम करणारीच्या मागे कोणी तरी उभे राहिले होते.

यावर कोणी म्हणेल, मग सरकारने परवाना सक्तीचा करावा म्हणजे झाले. मला हा मार्ग तितकासा निर्धोक वाटत नाही. परवाना हा कोणाला आत घ्यायचे याइतकाच कोणाला बाहेर ठेवायचे याचाही दस्तऐवज असतो. दक्षिण कोरियात मालिशाचा परवाना केवळ दृष्टिहीनांसाठी राखून ठेवलेला आहे. 2006 मध्ये तेथील संविधान न्यायालयाने ती तरतूद रद्द केली, दृष्टिहीन रस्त्यावर उतरले, विधिमंडळाने ती पुन्हा आणली, आणि 2008 मध्ये त्याच न्यायालयाने ती उचलून धरली. परवान्यामागे उपजीविकेचा केवढा झगडा असतो, हे त्यावरून कळावे. आपल्याकडे सक्ती आली, तर प्रमाणपत्राचे शुल्क भरू शकणारे टिकतील आणि सासूकडून हात शिकलेली, लिहितावाचता न येणारी मालीशवाली बाई प्रथम गारद होईल. तिला वगळण्याऐवजी तिला शिकवावे: पायाला एकाएकी सूज येऊन पोटरी दुखू लागलेल्या बाळंतिणीचा पाय रगडू नये, कारण तेथे रक्ताची गुठळी असू शकते, अंगात ताप असता मालीश करू नये, आणि अशा वेळी घरच्यांनी कितीही आग्रह केला, तरी डॉक्टरकडे बोट दाखवावे. नकार केव्हा द्यावा हे ज्याला कळते आणि तो देण्याची ज्याला मुभा असते, त्यालाच मी व्यावसायिक म्हणेन.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या अधिनियमाने राहते घरही कामाचे ठिकाण मानले, आणि तक्रारीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक समितीची व्यवस्था सांगितली. मात्र त्यातील शब्दयोजना घरात ‘नोकरीस’ असलेल्या स्त्रीविषयी आहे. तासाभरासाठी आलेली, चार घरे फिरणारी स्त्री त्यात बसते की नाही, असा वाद गृहस्थाचा वकील घालू शकेल, आणि तो घालण्यास जागा राहू देणे हेच गैर आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मोबाईलद्वारे काम देणाऱ्या कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरण्याची जबाबदारी टाकली, हेही चांगलेच झाले. पण जिला कोणत्याच कंपनीने पाठवलेले नाही, त्या मालीशवाल्या बाईपर्यंत ही तरतूद पोचत नाही.

म्हणून नागपूरच्या संस्थांना, विशेषतः येथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाला आणि स्त्रियांच्या प्रश्नांत शंभर वर्षांची पुण्याई असलेल्या संस्थांना, माझी विनंती आहे की त्यांनी या बायांची व उपचारकांची नोंदवही उघडावी, अल्प मुदतीचे मोफत शिक्षण द्यावे, दर ठरवावेत, आणि ज्या घरातून तक्रार येईल त्या घरी पुन्हा कोणास पाठवू नये. गृहस्थांना एवढेच सांगणे आहे: पहिल्याच दिवशी मोबदला व सुट्ट्या कागदावर लिहून द्या, आणि त्या कागदावर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ताही स्वतःच्या हाताने लिहा.