पाण्यावांचून सुकलेला लव्हाळा

(ईयोब ८:११–१३)



दुःखांत पडलेल्या ईयोबापुढें बिल्दद शूही यानें लव्हाळ्याचा दृष्टांत मांडिला. आपल्या शेतांतील लव्हाळा आपणांस ठाऊक आहे. त्याच्याच कुळांतील, पण १२ ते १५ फूट उंच वाढणारा पपायरस मिसर देशीं नील नदीच्या दलदलींत होत असे. त्याची काठी तिधारी असते व मुळें चिखलांत आडवीं पसरतात. मोशेच्या आईनें आपलें बाळ ज्या पेटींत ठेविलें ती याचीच होती. याच्याच गाभ्याच्या कागदावर शुभवर्तमानांच्या कित्येक प्राचीन नकला लिहिलेल्या सांपडल्या आहेत.

बिल्दद म्हणतो कीं, पाणी आटलें म्हणजे हें झाड कोणीं न कापितांच, हिरवें असतांना, इतर गवताच्या आधीं सुकतें. देवाला विसरणाऱ्याची गत तशीच होते. झाडाविषयीं तो खरें बोलला, परंतु ईयोबाविषयीं चुकला. म्हणून शेवटीं देवानें त्याला व त्याच्या मित्रांस दोष दिला (४२:७).

आतां दुसरी गोष्ट ऐका. गालील समुद्राच्या उत्तरेस, यार्देनेच्या खोऱ्यांत, हूला सरोवराभोंवतीं या लव्हाळ्याचें मोठें रान होतें. इ. स. १९५१ ते १९५८ या वर्षांत शेतीसाठीं चर खणून तेथील पाणी काढून टाकिलें. तें रान बहुतेक नाहींसें झालें. खालची काळी माती वाळून खचली व कांहीं ठिकाणीं पेटलीही. पुढें १९९४ सालीं एका भागांत पुन्हा पाणी सोडावें लागलें. राखून ठेविलेल्या पाणथळींत मात्र लव्हाळा आजही उभा आहे.

सुकलेल्या त्या लव्हाळ्याचा अपराध कोणता? त्याचें पाणी माणसांनींच तोडिलें होतें.

प्रियहो, मंडळींतील कोणी उपासनेस येईनासा होतो, कोणाचें लेंकरूं जातें, कोणी कर्जांत बुडतो. तेव्हां आम्ही पाळक व उपदेशक लागलेच बिल्ददाच्या जागीं बसतों आणि म्हणतों, “याच्या अंतःकरणांत कांहीं खोट असेल.” पण त्याच्या ओट्यावर आम्ही शेवटीं कधीं बसलों? त्याच्यासंगें गुडघे कधीं टेकिले? त्याच्या घरीं दाणे आहेत कीं नाहींत, हें तरी विचारिलें काय? पाणी आम्हींच तोडिलें असेल, तर सुकल्याचा दोष त्याला कसा द्यावा?

येत्या प्रभुवाराच्या आधीं आपण प्रत्येकानें अशा एका घरीं जावें. दोष काढण्यास नव्हे, तर त्याचें ऐकण्यास, त्याच्यासाठीं प्रार्थना करण्यास, व हातीं असेल तें देण्यास जावें. जिवंत पाणी देणारा प्रभु त्यासाठीं आपणांस कृपा पुरवो. आमेन.