पेशीचे कर्तेपण आणि तिचे अधिष्ठान

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्यास अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगितली असून, केवळ आत्म्यालाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी अपरिपक्व ठरवली आहे. कर्करोगाच्या जीवशास्त्रातील एक वाद याच जातीचा आहे: रोगाची कर्ती बिघडलेली पेशी, की ती ज्या ऊतीत, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या पेशींच्या ज्या समूहात, राहते ती ऊती?

इंग्लंडमधील शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रोग यकृतात वारंवार पसरलेला, तर रक्ताचा भरपूर पुरवठा असूनही प्लीहेत क्वचितच पोहोचलेला आढळला. त्यावरून बीज सर्वत्र विखुरले तरी ते अनुकूल मातीतच रुजते, असे त्यांनी मांडले. पुढे जनुकांच्या शोधाने अभ्यासकांचे लक्ष बीजाकडेच इतके ओढले गेले की माती जवळजवळ विस्मरणात गेली. तिला चर्चेत परत आणणाऱ्यांत अमेरिकेत संशोधन करणाऱ्या मीना बिसेल यांचे नाव अग्रभागी आहे. कोंबड्यांमध्ये गाठी उत्पन्न करणारा राऊस विषाणू अंड्यातील भ्रूणात टोचला असता तो तेथे सक्रिय राहूनही गाठ होत नाही, परंतु त्याच भ्रूणाच्या पेशी सुट्या करून प्रयोगशाळेतील भांड्यात वाढवल्या की त्या कर्करोगासारख्या वागू लागतात, असे त्यांच्या प्रयोगशाळेने 1984 मध्ये दाखवले. 1997 मधील प्रयोग याहून विलक्षण होता. पेशीला भोवतालच्या आधारद्रव्याशी जोडणाऱ्या इंटिग्रिन या प्रथिनाचे कार्य प्रतिपिंडाने रोखताच स्तनाच्या कर्करोगी पेशी निरोगी ऊतीसारखी गोलाकार, सुव्यवस्थित रचना करू लागल्या. त्यांच्या जनुकांतील बिघाड मात्र जसाच्या तसा होता.

यावरून पेशी निर्दोष ठरत नाही. बिघाड टिकून राहतो याचा अर्थच असा की कर्त्याची प्रवृत्ती नाहीशी होत नाही, फक्त तिला फळ धरू दिले जात नाही. तरीही गीतेची चौकट येथे पूर्णपणे लागू पडत नाही, कारण तीत अधिष्ठान आणि कर्ता ही स्वतंत्र कारणे म्हणून मोजली आहेत, तर अर्बुदातील पेशी शेजारच्या तंतुजनक पेशींना, म्हणजे ऊतीचा सांगाडा विणणाऱ्या पेशींना, आपल्या कामी लावून आणि नव्या रक्तवाहिन्या ओढून घेऊन स्वतःचे अधिष्ठान स्वतःच घडवते, आणि ते अधिष्ठान पुन्हा तिला घडवते. अशा परस्परावलंबनाला बौद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक वस्तू इतर प्रत्ययांच्या आधारानेच उत्पन्न होते हा सिद्धांत, अधिक जवळचा वाटतो. पण तोही तसाच लावला तर, कारणांच्या जाळ्यात काही दुवे इतरांहून अधिक निर्णायक असतात आणि औषधाला नेमके तेच शोधावे लागतात, ही गोष्ट निसटते.

या चर्चेचा एक दुरुपयोग संभवतो. रोगाला पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानणाऱ्या कर्मविपाकाच्या परंपरेप्रमाणेच, परिसराचे महत्त्व ऐकून रुग्णाच्या मनःस्थितीला किंवा घरातील वातावरणाला दोष देणारे आजही आढळतात. वास्तविक वरील प्रयोगांतील परिसर म्हणजे पेशीला लगटून असलेले आधारद्रव्य, शेजारच्या पेशी आणि त्यांच्यात देवघेव होणारे रासायनिक संदेश. रुग्णाच्या शीलाविषयी त्यातून कोणतेही विधान करता येत नाही.