पहारा कुणावर?

वैशाली : आत्या, समीरने सिगारेट सोडली त्याला नऊ दिवस झाले. काल संध्याकाळी घरी आला तेव्हा तोंडाला बडीशेपेचा दाट वास. एरवी तो बडीशेपेला हात लावत नाही. तो अंघोळीला गेला आणि मी स्कूटरची डिकी उघडली. आत काडेपेटी होती.

आत्या : बोललीस त्याला?

वैशाली : नाही. विचारलं तर मी त्याची पोलीस झाले, गप्प बसले तर त्याला बुडू दिलं. 'माझ्यावर लक्ष ठेव' असं तोच म्हणाला होता.

आत्या : लक्ष ठेव म्हणाला, झडती घे नाही म्हणाला. मी ३० वर्षं मिश्री लावली. आमचा सुधीर डबी तपासायचा. मी ती तांदळाच्या डब्यात लपवली, मग तुळशीवृंदावनामागे. जागा बदलत गेल्या, मिश्री सुटली नाही. माझी सगळी हुशारी लपवण्यात गेली.

वैशाली : मग काय, डोळेझाक करू? उद्या त्याला कॅन्सर झाला तर 'मी त्याचा मान राखला' म्हणून मला झोप लागेल का?

आत्या : डोळेझाक नकोच. काडेपेटी पाहिली हे सांग. न विचारता डिकी उघडली हेही सांग आणि त्याची माफी माग. त्याने खरं बोलावं असं वाटतं ना? मग आधी तू बोल.

वैशाली : आणि त्याने ओढली असेल तर? नऊ दिवस वाया गेले.

आत्या : वाया कसे? त्या दिवसांत त्याने कितीदा मन आवरलं असेल! माझी मिश्री चौथ्या खेपेला सुटली. 'का ओढलीस' विचारू नकोस, 'किती वाजता' ते विचार.

वैशाली : डॉक्टर म्हणाले होते, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण, मग दोन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो.

आत्या : शरीराचा ओसरतो गं, पण सवयीची वेळ ठरलेली असते. माझी पहाटेची, चुलीपुढची. तलफ यायची, चार-पाच मिनिटं जीव खायची आणि जायची. त्या वेळी रेखा विळी घेऊन समोर भाजी चिरत बसायची. मिश्रीचा एक शब्द काढला नाही तिने. माझ्या पोरीसारख्या सुनेने पहारा माझ्यावर ठेवला नाही, त्या वेळेवर ठेवला.

वैशाली : समीरची वेळ साडेसहाची. ऑफिस सुटलं की टपरीवरचा चहा, आणि चहाबरोबर सिगारेट. सरकारी मदतीचा फुकट नंबर आहे, १८००-११-२३५६. मीच लावून देऊ?

आत्या : नंबर दे, फोन त्याला करू दे. डॉक्टरांकडे जातो म्हणाला तर सोबत जा. निकोटिनचं च्युइंगगम असतं, औषधं असतात, ती घेण्यात कमीपणा नाही. पण निश्चय त्याचाच हवा. उसना निश्चय पहिल्या भांडणातच मोडतो.

वैशाली : आणि माझ्या भीतीचं काय करू?

आत्या : ती त्याला सांग. तू घाबरली आहेस हे त्याला कळू दे. रागावलेल्या माणसापासून आपण लपतो, घाबरलेल्या माणसाजवळ बसतो.

वैशाली : आज रात्री आधी डिकीचं सांगते. साडेसहाला काय करायचं ते मग दोघं मिळून ठरवू.