कंपनीचे दान, पुण्य कोणाचे?

आषाढीच्या वाटेवर आमच्या दिंडीला पावसाने गाठले. रस्त्याच्या कडेला एका कारखान्याची मंडळी मांडव घालून उभी होती. त्यांनी वारकऱ्यांस प्लॅस्टिकची इरली वाटली, पाणी दिले, पायाला फोड आलेल्यांस मलमपट्टी केली. आमच्या पुढच्या एका वृद्ध माळकऱ्याने इरले अंगावर घेतले. पाठीवर कारखान्याचे नाव ठळक अक्षरांत छापलेले होते. थोडे चालून गेल्यावर म्हातारबाबा मागे वळून म्हणाले, "माउली, हे कंपनीनं दिलं म्हनत्यात. पन कंपनी म्हंजी कोन? देनार कोन, आन् पुन्य लागायचं कुनाला?"

आम्ही हसलो खरे, पण उत्तर सुचेना. मुक्कामापर्यंत तो प्रश्न आमच्याबरोबर चालत होता. तोच आज वाचक सज्जनांपुढे ठेवतो.

दान म्हटले की देणाऱ्याला मन हवे. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार केले, ते देणाऱ्याच्या भावावरून. परतफेडीची आशा न धरता, देणे हे कर्तव्य म्हणून दिले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिले ते राजस. आता कंपनीला मन कुठले? ती कागदावर उभी राहिलेली संस्था. तिचा पैसा भागधारकांचा, तिचा माल कामगारांच्या घामाचा, आणि तो वाटण्याचा ठराव करणारे संचालक वेगळेच. मग देणारा शोधायचा कुठे?

आपल्या संतचरित्रांतच याची वाट सापडते. श्रीतुकोबाराय हे वाण्याचा व्यवहार करणारे. घरात कर्जखते होती. ती इंद्रायणीत बुडवायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची खते त्यांच्या स्वाधीन केली आणि फक्त आपल्या वाट्याची डोहात सोडली. दुसऱ्याच्या पैशावर आपण उदार व्हायचे नाही, ही त्यांची शिकवण. उलट मंगळवेढ्याचे दामाजीपंत. दुष्काळात त्यांनी बादशहाचे कोठार भुकेल्यांस लुटविले. धान्य त्यांचे नव्हते. जीव वाचले, पण हिशेब राहिलाच. तो पुरा करायला साक्षात पंढरीनाथाला विठूच्या रूपाने बेदरला जावे लागले. दया कितीही मोठी असो, कोणाचे तरी देणे कोणाला तरी फेडावे लागतेच.

आता कायद्याकडे पाहू. सन २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर समाजकार्याचे बंधन घातले. ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. कायदा झाला तेव्हा मर्यादा ठरली ती अशी : निव्वळ मत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के शिक्षण, आरोग्य, पाणी अशा कामांवर खर्चावेत. केवळ आपल्याच नोकरांच्या सोयीसाठी केलेला खर्च यात धरत नाहीत. कायदा चांगला आहे. त्यातून खेड्यापाड्यांत शाळाखोल्या उभ्या राहिल्या, दवाखान्यांस यंत्रे मिळाली. पण जे कायद्याने द्यावेच लागते त्याला दान कसे म्हणावे? शेतसारा भरला म्हणून कोणी पुण्य मागतो काय? हे दान नव्हे, हे देणे. गावची जमीन, नदीचे पाणी, लोकांचे श्रम घेऊन कारखाना उभा राहतो, त्याची ही थोडी फेड.

कायदा नव्हता तेव्हाही काही जणांना हे कळत होते. टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ सालीच आठ तासांचा दिवस सुरू झाला आणि १९१५ पासून मोफत औषधोपचार. सर दोराबजी टाटांनी १९३२ साली आपली संपत्ती विश्वस्तनिधीस वाहिली. त्याच निधीतून परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले. टाटा घराण्याच्या मुख्य कंपनीचे सुमारे ६६ टक्के भाग आजही अशा धर्मादाय निधींकडे आहेत. नफ्यातून पसाभर काढून देणे निराळे, आणि धनीपणच लोकांच्या चरणी ठेवणे निराळे. त्या रुग्णालयात येणाऱ्या गरिबांना दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आसरा देते. एकीकडे उद्योगपतीचे धन, दुसरीकडे ज्याच्या हाती खराटा आणि मडके एवढेच, त्या साधूचे नाव. रोग्याला दोन्ही लागतात.

म्हणजे धनाबरोबर हातही हवेत. मांडवात मलम लावणारा तरुण आम्हांला आठवतो. चिखलाने भरलेला पाय मांडीवर घेऊन तो धूत होता. विचारले तर म्हणाला, "रजा टाकून आलोय, माउली." ही रजा त्याची स्वतःची होती. कोणत्याही कलमाने ती मागितली नव्हती. मात्र साहेबाने हुकूम काढला, हजेरी घेतली, छायाचित्रे काढून सोडून दिले, तर तीच सेवा वेठ होते. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडीत, ते कोणाच्या हुकुमावरून?

आणखी एक कठीण गोष्ट बोललीच पाहिजे. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण पाहिला आहे. त्यात शहराचे सांडपाणी आहे, तसे कारखान्यांचेही आहे. जो कारखाना नदीत घाण सोडतो किंवा मजुराचा पगार बुडवतो, त्याने वारीत पाण्याच्या बाटल्या वाटल्या तर त्याला आपल्याकडे गाय मारून जोडे दान म्हणतात. आधी नदी शुद्ध राखा, मजुराचा घाम सुकण्याआधी दाम द्या, मग मांडव घाला.

कोणी म्हणेल, भिजणाऱ्याला एवढी चिकित्सा कशाला? खरे आहे. इरल्याने पाऊस अडला, तेवढे उपकार मानावेत आणि संकोच न करता घ्यावे. घेणाऱ्याला दोष नाही. प्रश्न देणाऱ्याने स्वतःला विचारायचा आहे : हे माझे आहे का? कोणाचे बुडवून तर देत नाही ना? आणि नाव कशाला छापतो?

रात्री मुक्कामी आम्ही म्हातारबाबांना सांगितले, "बाबा, पैसा दिला ते कंपनीचं देणं फिटलं. संचालकांनी तो प्रामाणिकपणे योग्य जागी लावला, तर विश्वस्ताचा धर्म पाळला. पुण्य म्हणाल तर ज्यानं आपलं स्वतःचं काही सोडलं त्याचं."

बाबा म्हणाले, "म्हंजी पाय धुनाऱ्या पोराचं!"

"होय," आम्ही म्हणालो. आणि मनात आले, बेदरला भरणा केला देवाने, पण पावती घेतली दामाजींच्या नावाची. स्वतःचे नाव त्याने कुठेच घातले नाही. देणाऱ्यांनी एवढे जरी त्याच्यापासून घेतले तरी पुष्कळ झाले.

रामकृष्णहरि.