शोधाचें स्वामित्व

मालकीचे जे अनेक प्रकार मनुष्यानें मानिले आहेत, त्यांत कल्पनेची मालकी हा सर्वांत चमत्कारिक प्रकार होय. शेत एकाचें असतें तेव्हां तें दुसऱ्याचें नसतें. भाकरी एकानें खाल्ली तर दुसरा उपाशी राहतो. कल्पनेची गोष्ट निराळी. ती दुसऱ्यास कळली म्हणून पहिल्याजवळची कमी होत नाहीं. असें असतां तिच्याभोंवतीं कुंपण घालण्याचा अधिकार कोणास, आणि तो कशाच्या बळावर, हा प्रश्न वकिलांनीं आपल्या परीनें सोडविला असला, तरी नीतीच्या दृष्टीनें तो अद्यापि सुटलेला नाहीं असें आम्हांस वाटतें. त्याचा विचार करण्यासाठीं आम्ही येथें मुद्दाम एक क्षुल्लक वस्तु घेतों. ती म्हणजे गोल्फच्या खेळांतील रबरी धागा गुंडाळून केलेला चेंडू. कलकत्त्यास या खेळाचा क्लब १८२९ सालीं निघाला, तरी आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं तो खेळला असेल. परंतु चिंध्यांवर सुतळी गुंडाळून केलेला चेंडू ज्यानें लहानपणीं टोलविला आहे, त्यास पुढील हकीकत समजण्यास अडचण पडूं नये. वस्तु क्षुल्लक घेतल्यानें एक सोय होते. औषध किंवा विमान यांच्या शोधाचा विचार करूं लागलें, कीं त्यांच्या उपयुक्ततेनेंच डोळे दिपतात आणि न्यायान्यायाकडे नीट पाहतां येत नाहीं. चेंडूच्या बाबतींत तें भय नाहीं.

स्कॉटलंडांत हा खेळ कित्येक शतकें चालत आलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील चेंडू चामड्याच्या पिशवींत पिसें ठासून करीत. एका चेंडूस साहेबाची उंच टोपी भरेल इतकीं पिसें लागत. चामडें व पिसें दोन्ही ओलीं असतांनाच ठासण्याचें काम चाले; वाळतांना चामडें आकसे, आंतील पिसें फुगत, आणि चेंडू दगडासारखा टणक होई. कुशल कारागीर दिवसाकांठीं तीन-चारांपलीकडे जात नसे, आणि पिसांच्या धुळीनें त्याची छाती लवकर खराब होई. १८४८ च्या सुमारास मलायांतील एका झाडाचा चीक, ज्यास गटापर्चा म्हणतात, तो वळून केलेला चेंडू पुढें आला. यासंबंधीं सेंट अँड्र्यूज गांवीं एक आख्यायिका आहे. तेथील पॅटर्सन नांवाच्या कुटुंबास हिंदुस्थानांतून विष्णूची मूर्ति आली. ती वाटेंत फुटूं नये म्हणून पेटींत गटापर्चाचे तुकडे भरले होते. त्यांतूनच घरच्या मुलानें पहिला चेंडू वळला. आख्यायिका खरी असो वा नसो, विष्णूस कंदुकक्रीडेचें वावडें नाहीं हें यमुनेच्या डोहाची कथा ऐकलेल्या आपणां सर्वांस ठाऊकच आहे! पिसांच्या चेंडूंचा अग्रगण्य कारागीर अ‍ॅलन रॉबर्टसन याचा या नव्या पदार्थावर इतका रोष झाला, कीं आपला सहकारी टॉम मॉरिस त्या चेंडूनें खेळतो असें दिसतांच दोघांचें बिनसलें. पुढें रॉबर्टसनही तेच चेंडू करूं लागला. पोटापुढें कोणाचें चालत नाहीं.

आमचा मुख्य विषय येथून पुढें सुरू होतो. अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं कोबर्न हॅस्केल नांवाचा एक हौशी गृहस्थ होता. १८९८ सालीं तो जवळच्या अ‍ॅक्रन गांवीं गुडरिच कंपनीच्या रबराच्या कारखान्यांत बर्ट्रम वर्क या आपल्या स्नेह्यास भेटावयास गेला. वर्क कामांत गुंतला होता. वाट पाहत बसलेल्या हॅस्केलनें जवळ पडलेला रबरी धागा उचलून सहज त्याचा गुंडा केला आणि जमिनीवर आपटला, तों तो अपेक्षेबाहेर उंच उडाला. यावर कांहींतरी आवरण घालावें अशी सूचना वर्कनें केली. हकीकत सांगतात ती एवढीच. ११ एप्रिल १८९९ रोजीं दोघांच्या नांवें पेटंट मिळालें.

कल्पना क्षणांत सुचली, पण वस्तु क्षणांत तयार होत नाहीं. रबराचा धागा ढिला गुंडाळला तर त्याच्या अंगीं जोर येत नाहीं. तो मूळ लांबीच्या कित्येक पट ताणून, त्या ताणलेल्या स्थितींतच गाभ्यावर बसवावा लागतो. प्रत्येक वेढा सुटून आखूड होण्यास धडपडत असतो आणि त्याची ती धडपड म्हणजेच चेंडूची शक्ति. हें काम आरंभीं हातानेंच करीत. ज्यानें चरख्यावर सूत काढून त्याची गुंडी केली असेल, त्यानें त्या सुताच्या जागीं सारखा मागें ओढणारा आणि हात जरा सैल पडला कीं निसटणारा धागा कल्पावा, म्हणजे या कामाची अडचण ध्यानांत येईल. हातानें गुंडाळतांना ताण सर्वत्र सारखा राहत नाहीं. एका अंगास धागा जास्त बसतो, गोलाई बिघडते, आणि असा चेंडू नेम कितीही चांगला असला तरी वांकडाच जातो. ही अडचण हॅस्केलनें दूर केली नाहीं. गुडरिचच्या कारखान्यांतील जॉन गॅमेटर नांवाच्या यंत्रज्ञानें ती दूर केली. त्यानें असें यंत्र रचलें, कीं त्यांत चेंडू सारखा आपला आंस बदलीत फिरावा आणि धागा ठराविक ताणानें त्याच्या सर्व अंगांवर सारखा बसावा. नंतर त्या गुंड्यावर गटापर्चाच्या दोन अर्धगोल वाट्या ठेवून तापलेल्या सांच्यांत दाबीत. त्या दाबानें व उष्णतेनें एकजीव होत. मग वर पांढरा रंग. पुढें गटापर्चाऐवजीं दक्षिण अमेरिकेंतील एका झाडाचा बलाटा नांवाचा अधिक चिवट चीक वापरांत आला.

इतकें झालें तरी चेंडू वश होईना. त्याच्या पृष्ठभागावरील रेषा उथळ असल्यामुळें तो जोरानें निघे आणि मध्येंच एकाएकीं खालीं बसे. शिकागोकडील जेम्स फाउलिस या व्यावसायिक खेळाडूनें असा एक चेंडू आपल्या जुन्या सांच्यांत दाबून पाहिला. त्या सांच्यानें चेंडूच्या अंगावर रानटी फळासारखे फुगीर दाणे उठत. तो चेंडू नीट व दूर गेला. गुळगुळीत गोळ्यापेक्षां खडबडीत गोळा हवेंतून सरळ जातो ही गोष्ट गटापर्चाच्या काळींच खेळाडूंस अनुभवानें समजली होती. नव्या चेंडूच्या कौतुकांत तिचा विसर पडला, इतकेंच. दाण्यांच्या जागीं खळगे करण्याची युक्ति विल्यम टेलर या इंग्रजानें १९०५ सालीं काढली.

१९०२ सालीं इंग्लंडांतील हॉयलेक येथें खुल्या स्पर्धेंत सँडी हर्ड यानें हा चेंडू वापरला आणि ३०७ टोल्यांत खेळ संपवून हॅरी व्हार्डन व जेम्स ब्रेड या दोघां धुरंधरांस एका टोल्यानें मागें टाकिलें. एकाच चेंडूनें तो चारही फेऱ्या खेळला, आणि शेवटीं आवरण फाटून आंतील धागा बाहेर डोकावत होता असें सांगतात. त्यानंतर जुन्या चेंडूस कोणी विचारीना.

जेथें पैसा आला तेथें न्यायालय आलेंच. हॅस्केलच्या कंपनीनें इंग्लंडांतही पेटंट घेतलें होतें. इतर कारखानदार तसेच चेंडू करूं लागल्यावर कंपनीनें दावा लावला. १९०५-०६ च्या सुमारास चाललेल्या या प्रकरणांत कॅप्टन डंकन स्ट्युअर्ट नांवाच्या गृहस्थाची साक्ष झाली. रबराच्या धाग्याचा गुंडा करून त्यावर गटापर्चाचें आवरण बसविलेले चेंडू आपण १८७० नंतरच्या दशकांतच केले होते, असें त्यानें सांगितलें. कल्पना नवी नाहीं असें न्यायालयानें ठरविलें, पेटंट रद्द झालें, आणि अपिलांतही तोच निकाल कायम राहिला. अमेरिकेंत मात्र तेंच पेटंट मुदत संपेपर्यंत टिकलें. एकच वस्तु समुद्राच्या एका तीरावर एका मनुष्याची, आणि दुसऱ्या तीरावर सर्वांची!

या निकालांत कायद्याची चूक आम्हांस दिसत नाहीं. पेटंट हा एक सौदा आहे. लोकांस ठाऊक नसलेली गोष्ट तूं सांग, म्हणजे कांहीं वर्षें ती करण्याचा अधिकार एकट्या तुला देऊं, असें सरकार म्हणतें. गोष्ट आधींच ठाऊक असेल तर सौद्यास मालच नाहीं. पण या हिशेबांत श्रेय आणि मोबदला या दोन भिन्न वस्तु एकाच तागडींत पडतात, आणि घोंटाळा होतो तो येथें. पेटंट रद्द झालें म्हणून हॅस्केल ‘आयत्या बिळावरचा नागोबा’ ठरतो काय? स्ट्युअर्टचे चेंडू त्यानें पाहिले होते असा कोणताही पुरावा नाहीं. दोन मनुष्यें स्वतंत्रपणें एकाच ठिकाणीं पोहोंचूं शकतात. डार्विन व वॉलेस यांचे निबंध १८५८ सालीं एकाच सभेंत वाचले गेले, आणि त्या दोघांनीं परस्परांशीं जें सौजन्य राखिलें तें सिद्धान्ताइतकेंच स्मरणीय आहे. त्यांच्यामध्यें पैशाचा प्रश्न नव्हता, हेंही पण खरें.

मग कॅप्टनविषयीं काय म्हणावें? कांहीं लोक म्हणतील, ज्यानें आपली युक्ति जगापुढें मांडली नाहीं त्यानें मागाहून श्रेय मागूं नये. आम्हांस हें अर्धेंच पटतें. ज्ञान लपविणें निराळें आणि तें पसरविण्याची खटपट न करणें निराळें. आपले सिद्ध मंत्र मरतेसमयीं मुलासही न सांगणारे वैद्य आपल्याकडे पुष्कळ झाले. त्यांच्याविषयीं कृतज्ञता वाटण्याचें कारण नाहीं. स्ट्युअर्ट त्या जातीचा नव्हता. त्यानें चेंडू केले. कारखाना तेवढा काढला नाहीं. कृतज्ञता हॅस्केलकडे जाते हें योग्यच, कारण चेंडू लोकांच्या हातीं आला तो त्याच्यामुळें. परंतु ‘प्रथम’ हा शब्द कॅप्टनच्या नांवापुढून कोणासही खोडतां येणार नाहीं.

तोही शब्द जपून वापरावा लागेल. मेक्सिकोंतील व्हेराक्रूझ प्रांतीं एल मनाती येथें रबराचे चेंडू सांपडले आहेत, ते सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचे. झाडाच्या चिकांत एका वेलीचा रस मिसळून त्या लोकांनीं रबर टिकाऊ व लवचिक करण्याची युक्ति साधली होती. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकांत तेथें गेले तेव्हां उसळणारे चेंडू पाहून थक्क झाले. त्या कारागिरांपैकीं एकाचेंही नांव कोणास ठाऊक नाहीं.

आम्हांस याहून अधिक बोचणारी गोष्ट अ‍ॅक्रनच्या त्या खोलींतच दिसते. त्या कारखान्यांत शेंकडों मजूर दिवसभर तोच धागा हाताळीत असतील. त्यांतल्या एखाद्यानें दुपारच्या सुटींत धाग्याचा गुंडा करून आपटला नसेल, असें कोणीं सांगावें? तो उडाला असेल, चार सोबती हंसले असतील, आणि भोंगा वाजल्यावर सर्व कामावर गेले असतील. हॅस्केलच्या हातून उडालेला गुंडा शोध ठरला, कारण त्यास फुरसत होती, गोल्फची आवड होती, आणि दार उघडून जो आंत आला तो मोठा अधिकारी त्याचा स्नेही होता. हॅस्केलच्या बुद्धीस यानें उणेपणा येतो असें आम्ही म्हणत नाहीं. बुद्धि सर्वत्र पेरलेली असते. ती ऐकून घेणारा कान मात्र थोड्यांच्याच वांट्यास येतो, आणि पेटंटच्या कागदावर त्या कानाचा उल्लेख नसतो. येथें निदान वर्कचें नांव तरी आलें. गॅमेटरचें यंत्र त्याच्या नांवावर राहिलें, परंतु चेंडू राहिला तो ‘हॅस्केल’च.

येथें कोणी आचार्य जगदीशचंद्र बसूंचें उदाहरण पुढें करील. विद्युल्लहरींचा प्रयोग १८९५ सालीं कलकत्त्यास जाहीरपणें दाखविणाऱ्या या पुरुषानें आपल्या संशोधनापासून धन मिळविण्याचें नाकारिलें. स्नेह्यांच्या आग्रहावरून १९०४ सालीं एक अमेरिकन पेटंट त्यांच्या नांवें झालें, तेंही त्यांनीं लोपूं दिलें. या निरिच्छतेपुढें आम्ही नम्र आहों. पण ती सर्वांवर लादावयाची म्हटलें, तर ज्याची चूल शोधावरच पेटते त्यानें काय करावें? दान हें दात्याच्या खुशीनें दिलें तरच दान. कायद्यानें काढून घेतलें तर तो कर होतो. म्हणून मोबदल्याचा नियम सोयीप्रमाणें कसाही करा. अमेरिकेची रीत बरी कीं इंग्लंडची, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. मोबदला ज्याच्या पदरीं पडला त्यानें सर्व श्रेयही आपल्याच घरीं वाहून न्यावें, ही गोष्ट मात्र आम्हांस अन्यायाची वाटते.

रबराच्या इतिहासांत हें पूर्वींही एकदां घडलें होतें. गंधकाबरोबर तापवून रबर पक्कें करण्याची कृति चार्ल्स गुडइयर या अमेरिकनास १८३९ सालीं साधली. त्याचे नमुने इंग्लंडांत थॉमस हँकॉकनें पाहिले, प्रयोग केले, आणि १८४३ सालीं गुडइयरच्या आधींच तेथील पेटंट मिळविलें. गुडइयर इंग्लंडांतील खटला हरला. १८५५ सालीं फ्रान्सच्या बादशहानें त्यास मानाचा क्रॉस दिला, तेव्हां तो पॅरिसमध्यें कर्जदारांच्या तुरुंगांत होता. १८६० सालीं तो वारला, त्या वेळीं डोक्यावर कर्जच होतें. पुढें १८९८ सालीं, म्हणजे हॅस्केलनें धाग्याचा गुंडा केला त्याच वर्षीं आणि त्याच अ‍ॅक्रन गांवीं, रबराची एक नवी कंपनी निघाली. तिच्या चालकांचा गुडइयरच्या घराण्याशीं कांहीं संबंध नव्हता. त्यांनीं तिला नांव दिलें, गुडइयर.